वीज आली, पण ‘एसएमपीएस’ गेला!

रोहिणी नक्षत्र लागले की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. पेरणीपूर्वीच्या या दिवसांत दुपारपर्यंत ऊन भाजून काढते, सायंकाळी वारा सुटतो, विजा कडाडतात आणि पाहता पाहता गावाचा वीजपुरवठा खंडित होतो. तो परत येतो तेव्हा पंखे फिरू लागतात; मात्र टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय राउटर किंवा संगणक यांपैकी एखादे यंत्र मुके होऊन बसलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसद, वणी, दारव्हा किंवा उमरखेडच्या दुरुस्ती दुकानाच्या फळीवर अशा यंत्रांची रांग लागते. त्यांत कपाशीच्या फवारणीसाठी लागणाऱ्या बॅटरी पंपाचे चार्जर असतात, तसाच एखाद्या ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातला संगणकही असतो. तो बंद राहिला तर दाखल्यांसाठी आलेल्या माणसांची खेप वाया जाते.

या साऱ्यांची तक्रार एकच असते, ‘काहीच होत नाही’. दिवा नाही, आवाज नाही. कारागिरांच्या भाषेत सेट ‘डेड’ आहे. अशा वेळी दोष बहुधा यंत्राच्या मुख्य पट्टीत नसतो. तो असतो तिला वीज पुरवणाऱ्या ‘स्विच मोड पॉवर सप्लाय’मध्ये, म्हणजेच ‘एसएमपीएस’मध्ये. हा भाग पुष्कळदा किरकोळ किमतीच्या सुट्या भागांत दुरुस्त होतो. पण दुरुस्तीचा क्रम चुकला की तोच भाग दुसऱ्यांदा, आणि या वेळी मोठ्या आवाजासह जातो. फ्यूज उडाला म्हणून नवा घातला, तोही उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळली, ही आपल्याकडची सर्वांत महागडी दुरुस्ती आहे. फ्यूज का उडाला याचे उत्तर हाती येईपर्यंत नवा फ्यूज घालू नये, हा या कामातला पहिला नियम होय.

आत काय घडते?

जुन्या टेपरेकॉर्डरचा ‘बॅटरी एलिमिनेटर’ ज्यांनी हाताळला असेल त्यांना त्याचे वजन आठवत असेल. त्यातला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालत असे आणि म्हणूनच तो लोखंडाचा, जड व गरम होणारा असे. एसएमपीएसने ही रीत उलटी केली. घरात येणारा २३० व्होल्टचा प्रवाह तो आधी थेट डायोडच्या ‘ब्रिज’मधून नेऊन एकदिश करतो आणि एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो. या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो. ‘पॉवर फॅक्टर’ सुधारणारे मंडल असलेल्या नव्या सप्लायमध्ये तो ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत जातो. मग एक ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट हा दाब सेकंदाला हजारो वेळा, बहुधा पन्नास हजारांपासून एक लाख वेळांपर्यंत, तोडतो आणि जोडतो. एवढ्या वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला लहानसा फेराइट ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७ सालच्या ‘अ‍ॅपल-२’ संगणकात रॉड होल्ट यांनी असाच सप्लाय वापरला होता आणि त्यामुळे ती पेटी हलकी व पंख्याविना थंड राहू शकली. आज मोबाईलच्या चार्जरपासून एलईडी टीव्हीपर्यंत सर्वत्र हेच तत्त्व आहे.

दुरुस्तीच्या दृष्टीने या पट्टीकडे नदीच्या दोन तीरांसारखे पाहावे. अलीकडचा तीर थेट मेन्सला जोडलेला, जिवंत. त्याला ‘हॉट’ बाजू म्हणतात. पलीकडचा तीर १२, ५ किंवा ३.३ व्होल्टचा, हात लावण्याजोगा. मधल्या पात्रावरून तीनच पूल जातात : ट्रान्सफॉर्मर, प्रकाशाच्या साहाय्याने निरोप परत नेणारा ऑप्टोकपलर आणि ‘वाय’ वर्गाचा छोटा निळा कॅपॅसिटर. पलीकडचा दाब वाढला की टीएल-४३१ हा छोटा भाग ऑप्टोकपलरमार्फत अलीकडच्या आयसीला कळवतो आणि ती ट्रान्झिस्टरचे ठोके आवरते. पट्टीवर छापलेली जाड रेघ किंवा रिकामी सोडलेली पट्टी म्हणजे या दोन तीरांमधली सीमा. ती आधी ओळखावी, नंतरच मीटर हातात घ्यावा.

दोष घराबाहेरचा

कमी दाबाने यंत्र गेले, असे गावोगाव ऐकू येते. ते सहसा खरे नसते. आजचे बहुतेक छोटे सप्लाय ९० ते २६४ व्होल्टपर्यंत बिनतक्रार चालतात. दाब कमी झाला तर ते तेवढा प्रवाह जास्त ओढतात, इतकेच. यंत्राचा जीव जातो तो चढत्या दाबाने, आणि वादळी रात्री चढता दाब येण्याचा एक ठरलेला मार्ग आहे.

रोहित्रावरून, म्हणजे गावातल्या डीपीवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. प्रत्येक फेज व न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, तर दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात. फांदी पडून किंवा गंजलेला जोड सुटून न्यूट्रल तुटला, की तीन फेजांवरची घरे नकळत एकमेकांशी जोडली जातात. ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत दाब चढतो. शेजारच्या आळीत कूलर आणि मोटारी सुरू असतील आणि आपल्या घरी फक्त टीव्ही चालू असेल, तर हा दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. अशा वेळी मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ ऐवजी साडेपाचशेहून अधिक व्होल्ट येऊ पाहतात. त्याची क्षमता बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टची असते. पुढे काय होते हे सांगायला नको. एका रात्रीत एकाच गल्लीतली सात-आठ यंत्रे दुकानात आली, तर कारागिराने पट्टी उघडण्याआधीच न्यूट्रलचा संशय घ्यावा आणि त्या गल्लीतल्या लोकांना महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगावे.

विजेचा मार्ग निराळा. ती जवळपास कोसळली तरी तारांमध्ये क्षणिक पण प्रचंड दाब उमटवते आणि तो केवळ विजेच्या तारेने येतो असेही नाही. डिश अँटेनाची केबल, टेलिफोनची तार, लांबवर ओढलेली नेटवर्कची तार, यांपैकी कोणतीही वाट तिला चालते. प्लग काढला पण केबल तशीच ठेवली आणि सेट-टॉप बॉक्स गेला, या तक्रारीचे कारण हेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते. ती मिळताच माणसांनी आडोशाला जावे हे तर आहेच. गडगडाट दूर असतानाच प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवता आले, तर यंत्रही वाचते.

तिसरे कारण कमी नाट्यमय पण रोजचे आहे. वीज जाते, दोन सेकंदांत येते, पुन्हा जाते. मोठा कॅपॅसिटर रिकामा असताना सुरुवातीला जो लोंढा येतो, त्याला आवरण्यासाठी एनटीसी नावाची काळी-हिरवी टिकली बसवलेली असते. ती थंड असताना रोध करते, गरम झाली की वाट मोकळी करते. लगेच परतलेल्या विजेला ती गरमच सापडते आणि सगळा लोंढा ब्रिज व फ्यूजवर आदळतो. म्हणून वीज गेल्यावर यंत्राचे बटण बंद करून, वीज परतल्यानंतर दोन-तीन मिनिटांनी ते सुरू करावे.

यात आपल्या जिल्ह्याच्या हवेची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर उष्णतेने सुकतात. त्यांच्या आयुष्याचा ढोबळ हिशेब असा, की तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. जिनिंगच्या परिसरातल्या संगणकात तर कापसाचे तंतू पंख्याला गुंडाळलेले दिसतात. पंखा अडखळला की सप्लाय आतल्या आत शिजतो.

आधी जीव, मग यंत्र

हे काम शिकाऊ माणसाने एकट्याने करू नये. ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेला असला, तर त्यात सुमारे २५ ज्यूल ऊर्जा असते. आणि प्लग काढल्यावरही ती कितीतरी वेळ टिकू शकते, विशेषतः पुढचा ट्रान्झिस्टर सुरूच होत नसेल तेव्हा. म्हणजे सर्वांत ‘मेलेली’ दिसणारी पट्टीच सर्वांत घातक असते. प्लग काढावा, मीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टवर ठेवून कॅपॅसिटरवरचा दाब मोजावा आणि एक-दोन किलो-ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून तो उतरवावा. पुन्हा मोजावा. पेचकसाने ‘चटका’ देण्याची सवय वाईट. ठिणगीने पट्टी जळते, कॅपॅसिटर बिघडतो आणि कधी डोळाही जातो.

दुसरी खबरदारी सीरिज दिव्याची. ६० किंवा १०० वॅटचा जुना, तंतूचा बल्ब फेजच्या तारेत ओळीने जोडावा आणि दुरुस्तीनंतर यंत्र पहिल्यांदा त्यातूनच सुरू करावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कॅपॅसिटर भरला आणि आत शॉर्ट नाही असे समजावे. तो प्रखर पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे आणि बल्बाने नवे भाग वाचवले. येथे एलईडी बल्ब चालत नाही. तंतूचे बल्ब बाजारात आता सहज मिळत नसले तरी कारागिराने दोन-चार जपून ठेवावेत.

हॉट बाजूचे माप घेताना मीटरची काळी वायर मोठ्या कॅपॅसिटरच्या ऋण टोकाला लावावी. लोखंडी पेटीला किंवा पलीकडच्या ग्राउंडला लावल्यास आकडे खोटे येतात. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप या बाजूला लावली तर मधल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय स्फोट ठरलेला.

फ्यूज काय सांगतो

काचेचा फ्यूज आधी डोळ्यांनी वाचावा. काच स्वच्छ आणि तार मधोमध हलकेच तुटलेली दिसली, तर थकव्याने किंवा एखाद्या लोंढ्याने तो गेला असण्याची शक्यता आहे. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर पुढे पक्का शॉर्ट आहे, यात शंका नको.

शॉर्ट कुठे आहे, हे प्लग काढलेल्या, दाब उतरवलेल्या पट्टीवर डायोडच्या मापाने शोधता येते. फ्यूजच्या शेजारची गोल, निळी किंवा पिवळी टिकली म्हणजे एमओव्ही. तिच्यावर १४डी४७१के असे काही लिहिलेले असते. अशी टिकली ३०० व्होल्टपर्यंतच्या एसी दाबाला गप्प बसते, त्यापुढे स्वतः वाहू लागते आणि फ्यूज उडवते. ती तडकलेली, जळलेली आढळली तर न्यूट्रलचाच किस्सा समजावा. अशा पट्टीत कधी कधी फक्त टिकली आणि फ्यूज बदलून काम भागते. टिकली काढून टाकून यंत्र सुरू करून देणारे कारागीर आहेत. यंत्र चालते, ग्राहक खूश होतो, आणि पुढच्या वादळात वाचवणारे कोणी उरत नाही. स्वस्तातल्या सप्लायमध्ये तर ही टिकली मुळातच नसते. तिची रिकामी छिद्रे आणि फिल्टरच्या जागी जोडलेल्या साध्या तारा पट्टीवर स्पष्ट दिसतात.

त्यापुढे ब्रिजचे चार डायोड. प्रत्येक डायोड एका दिशेने ०.५ ते ०.६ दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांनी शून्य म्हणजे शॉर्ट. मग मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्समध्ये मोजावे. तेथे शून्य आले तर मॉसफेट गेला. आणि तो एकटा जात नाही. त्याच्या सोर्समधला ०.२२ ओहमसारखा बारीक किमतीचा रेझिस्टर उघडतो, गेटचा रेझिस्टर जळतो आणि ३२५ व्होल्ट उलटे घुसून यूसी-३८४२ सारखी नियंत्रक आयसीही मारतात. केवळ मॉसफेट बदलून सुरू केलेला सप्लाय पुन्हा उडतो, याचे कारण बहुधा हेच. हे सर्व भाग एका कुटुंबाचे समजून एकत्र बदलावेत. जुन्या संगणकांच्या सप्लायमध्ये १३००७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर असत. त्यातही जोडीच बदलावी.

त्याच जुन्या सप्लायच्या मागे ११५/२३० असा लाल स्विच असे. सफाई करताना तो ११५ कडे सरकला, तर प्रत्येकी २०० व्होल्टच्या दोन कॅपॅसिटरांवर प्रत्येकी ३२५ व्होल्ट येतात. अशा पेट्या अजून कुठे वापरात असतील, तर तो स्विच २३० वर चिकटवून टाकणे शहाणपणाचे.

फ्यूज शाबूत, तरी सप्लाय मुका

हा खरा कसोटीचा प्रसंग. मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट मिळतात, पुढे मात्र शांतता. येथे दोन संशयित आधी तपासावेत. पहिला, सुरुवातीचा रेझिस्टर. ३२५ व्होल्टवरून थोडासा प्रवाह आयसीला देऊन तिला जागे करण्याचे काम त्याचे. किलो-ओहममधल्या मोठ्या किमतीचा हा रेझिस्टर वर्षानुवर्षे तापून उघडतो, आणि बाहेरून धड दिसतो. दुसरा, आयसीच्या पुरवठ्यावरचा ४७ मायक्रोफॅरडच्या आसपासचा छोटा कॅपॅसिटर. यूसी-३८४२ ला जागे व्हायला सुमारे १६ व्होल्ट लागतात आणि दाब १० व्होल्टखाली आला की ती झोपी जाते. कॅपॅसिटर सुकला की साठा पुरत नाही. आयसी उठते, लगेच पडते, पुन्हा उठते. यंत्र रोज थोडे उशिरा सुरू होत होते आणि भारनियमनानंतर किंवा रात्रभर बंद राहून थंड झाल्यावर उठलेच नाही, असे ग्राहक सांगत असेल तर हा कॅपॅसिटर न मोजताच बदलावा. दोन-पाच रुपयांच्या या भागाने कितीतरी धड सप्लाय भंगारात घातले आहेत.

संगणकाच्या सप्लायमध्ये निदान आणखी सोपे आहे. जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा ‘स्टँडबाय’ दाब नेहमी असतो. तो मिळाला तर फ्यूज, ब्रिज आणि मोठा कॅपॅसिटर ठीक आहेत, असे एका मापात कळते. मग सप्लाय मदरबोर्डपासून सोडवून, हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला टोचावी. पंखा फिरला पाहिजे. जोडीला भार म्हणून एखादी जुनी हार्डडिस्क लावावी. पिवळ्यावर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट, पाच टक्के वर-खाली, मिळावेत. करड्या तारेवर ५ व्होल्टच्या आसपास दाब आल्याखेरीज मदरबोर्ड सुरू होत नाही. सप्लाय एकटा चालतो पण संगणकात चालत नाही, असे झाले तर दोष मदरबोर्डवर किंवा एखाद्या ड्राइव्हमध्ये आहे. सप्लाय उघडू नये.

स्टँडबायचा दाब ५ ऐवजी ६-७ व्होल्ट दिसला तर मात्र तो सप्लाय तत्काळ वेगळा करावा. जुन्या धाटणीच्या, दोन ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या स्टँडबाय मंडलात एक छोटा कॅपॅसिटर सुकला की दाब आवरत नाही आणि मदरबोर्ड जळतो. बंद सप्लायपेक्षा असा चालू सप्लाय जास्त नुकसान करतो.

‘टिक्... टिक्...’ असा आवाज येत असेल तर सप्लाय जिवंत आहे. तो सुरू होऊन स्वतःला आवरतो आहे. पलीकडच्या तीरावर पाहावे. शॉट्की डायोडची जोडी शॉर्ट झालेली असते, किंवा डोके फुगलेला कॅपॅसिटर सापडतो. १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या पुष्कळ पट्ट्यांमध्ये सदोष कॅपॅसिटर होते, हे जगभर गाजले. आता फुगण्याचे कारण बहुधा उष्णता असते. बदलताना १०५ अंशांचा, ‘लो ईएसआर’ लिहिलेलाच कॅपॅसिटर घ्यावा. साधा मीटर किंमत बरोबर दाखवतो आणि कॅपॅसिटर तरीही निकामी असतो. त्यासाठी ईएसआर मीटर लागतो.

सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीहून येवोत की टपालाने, नकली मॉसफेटचा सुळसुळाट आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा भंगारातल्या चांगल्या सप्लायमधून उपसलेला, तपासलेला भाग बरा. अपवाद वाय कॅपॅसिटरचा. तो दोन तीरांमधला पूल असल्याने तिथे साधा सिरॅमिक कॅपॅसिटर कधीही डाखू नये. तो शॉर्ट झाला तर मेन्सचा दाब थेट ग्राहकाच्या हातापर्यंत पोहोचतो.

यंत्र परत देण्याआधी

दुरुस्त सप्लाय सीरिज दिव्यावर, मग थेट, भारासह अर्धा तास चालवावा. त्यानंतरचे माप दुकानात नव्हे, ग्राहकाच्या घरी घ्यायचे असते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन दाब मोजावेत. नियमाप्रमाणे दाबातला चढउतार सहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट असावा. कूलर किंवा मोटार सुरू करताच तो वर चढला तर न्यूट्रल ढिला आहे; खाली येणे एक वेळ समजण्यासारखे, वर चढणे नाही. न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसले तरी वायरमनला बोलवावे.

संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार उन्हाळ्यात हमखास येते. सप्लाय बदलूनही ती जात नाही, कारण दोष त्याचा नसतो. अर्थिंग तुटलेले असले की फिल्टरमधले दोन वाय कॅपॅसिटर मेन्सचा दाब अर्धा करून पेटीवर आणून ठेवतात. आपली काळी, कपाशीची जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते. अर्थिंगचा खड्डा तिच्यासोबत सुकतो आणि सळईची मातीशी सलगी सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असावा आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे.